गावच्या चर्चच्या आवारातील कौटुंबिक कबरशिला आणि परदेशी पडलेले सैनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधील बहुतेक प्रत्येक खेड्यात चर्चभोवती जुनी दफनभूमी असते, आणि तिथल्या कौटुंबिक कबरींवर आईवडिलांच्या नावांखाली पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या मुलाचे नाव कोरलेले वारंवार आढळते. त्या देशात राहणाऱ्या, तिथे प्रवास करणाऱ्या किंवा महायुद्धातील मराठी सैनिकांचा माग काढणाऱ्या वाचकांकडून या ओळींबद्दल जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

कौटुंबिक कबरशिलेवर सैनिकाचे नाव असेल, तर तो तिथे पुरलेला असतो का?

बहुतेक वेळा नसतो. वडील १९२४ साली वारले, आई १९३८ साली वारली, दोघे त्या मातीत आहेत, आणि त्यांच्या नावांच्या मध्ये किंवा खाली "तसेच वरील दांपत्याचा धाकटा मुलगा, फ्रान्समध्ये लढताना मारला गेला, १ जुलै १९१६, वय १९ वर्षे" अशा धर्तीची ओळ असते. हा मुलगा फ्रान्समध्येच राहिला आहे. कधी त्याच्या आधी वारलेल्या आजोबांच्या किंवा लहानपणी दगावलेल्या बहिणीच्या दगडावर ही ओळ मागाहून घातलेली असते, आणि अक्षरांची घडण व खोली बारकाईने पाहिल्यास ती वेगळ्या वेळी, वेगळ्या हाताने कोरली आहे हे कळते.

याला अपवादही आहेत. जखमी होऊन मायदेशी परतल्यावर तिथल्या रुग्णालयात मरण पावलेले, छावणीत प्रशिक्षण घेताना दगावलेले, किंवा १९१८ च्या फ्ल्यूच्या साथीत गेलेले सैनिक खरोखरच आपल्या गावी पुरले गेले. अशा सैनिकाच्या बाबतीत कुटुंबाला सरकारी पद्धतीचा दगड घेता येत असे किंवा स्वतःचा दगड उभारता येत असे. ब्रिटनमध्ये बारा हजारांहून अधिक ठिकाणी महायुद्धांतील अशी थडगी विखुरलेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी लहान खेड्यांच्या चर्चभोवती, एकेकटी किंवा दोन-दोनच्या संख्येने आहेत.

मृतदेह घरी का आणले गेले नाहीत?

युद्धाच्या सुरुवातीला काही श्रीमंत घराण्यांनी आपल्या मुलांचे मृतदेह फ्रान्समधून खासगी खर्चाने परत आणले. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे नातू आणि स्वतः संसद सदस्य असलेले लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन १३ एप्रिल १९१५ रोजी फ्रान्समध्ये मारले गेले. त्यांचा मृतदेह वेल्समधील हार्डन या गावी आणून चर्चच्या आवारात पुरण्यात आला. त्या सुमारासच सैन्याने मृतदेह उकरून मायदेशी नेण्यास बंदी घातली. आरोग्याचे कारण त्यामागे होते, पण त्याहून मोठे कारण असे की ज्या घराकडे पैसा व ओळख आहे त्याचा मुलगा परत यावा आणि शेतमजुराचा मुलगा मात्र तिथेच राहावा, हे लाखोंच्या सैन्यात चालवून घेण्यासारखे नव्हते.

फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी राजसनदेने युद्धकबर आयोग स्थापन झाला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांच्या १९१८ च्या अहवालाने त्याची तत्त्वे पक्की केली. त्यानुसार हुद्दा, वर्ग किंवा धर्म यांवरून भेद न करता सर्वांना एकाच आकाराचा दगड मिळणार होता आणि मृतदेह जिथे पडले तिथेच राहणार होते. याविरुद्ध मोठा असंतोष होता. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लोरेन्स सेसिल यांनी दगडाऐवजी क्रूस उभारण्याची परवानगी मागणारा, हजारो सह्यांचा अर्ज केला होता, आणि ४ मे १९२० रोजी संसदेत यावर दीर्घ चर्चा झाल्यावरच आयोगाचे धोरण टिकले.

समतेचा तो निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे. परंतु त्याची किंमत घरोघरी मोजावी लागली हेही तितकेच खरे आहे. ज्या आईला मुलाचे तोंड पाहता आले नाही, त्याला मूठमाती देता आली नाही, आणि फ्रान्सचे भाडे परवडत नसल्यामुळे त्याची कबरही कधी पाहता आली नाही, तिच्या हाती गावातला आपल्या घराण्याचा दगड तेवढा उरला होता. त्या दगडावर काय लिहायचे हे कोणतेही सरकारी खाते ठरवत नव्हते, आणि म्हणूनच या ओळी अधिकृत नोंदींच्या पुरवण्या म्हणून वाचू नयेत, तर त्या कुटुंबाचे स्वतःचे निवेदन म्हणून वाचाव्यात.

परदेशातील अधिकृत दगडावर घरच्यांना काहीच लिहिता येत नव्हते का?

येत होते, पण मोजून मापून. आयोगाच्या दगडाच्या पायथ्याशी कुटुंबाच्या पसंतीचा मजकूर कोरण्याची सोय होती. मर्यादा मधल्या मोकळ्या जागांसह ६६ अक्षरांची होती, आणि प्रारंभी प्रत्येक अक्षराला साडेतीन पेनी आकारले जात. पुढे ही रक्कम ऐच्छिक करण्यात आली. न्यूझीलंडने तर सर्वांना समान वागणूक मिळावी म्हणून आपल्या सैनिकांच्या दगडांवर असा मजकूर मुळीच घेतला नाही.

शिवाय ही सोय ज्यांची कबर सापडली त्यांच्यापुरतीच होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याचे जे सुमारे अकरा लाख सैनिक मरण पावले, त्यांपैकी जवळपास निम्म्यांची ओळख पटलेली कबर नाही. त्यांची नावे बेल्जियममधील ईप्रच्या मेनिन दरवाजावर किंवा फ्रान्समधील तिएपवालच्या स्मारकावर, पलटणीनुसार, हजारो नावांच्या रांगेत आहेत; एकट्या तिएपवालवर ७२,००० हून अधिक नावे आहेत. इतक्या गर्दीत कुणाच्या वडिलांचे नाव, घराचे नाव किंवा वय येत नाही. ते गावातल्या दगडावर येते.

गावात युद्धस्मारक असताना पुन्हा कौटुंबिक दगडावर नाव कशासाठी?

गावचे स्मारक वर्गणीतून उभे राहिले, बहुतेक ठिकाणी १९१९ ते १९२२ या काळात, आणि त्यावर कुणाची नावे घ्यायची हे स्थानिक समितीने ठरवले. नोकरीसाठी शहरात गेलेला किंवा कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊन तिथल्या सैन्यात भरती झालेला मुलगा काही गावांनी आपला मानला, काहींनी मानला नाही. युद्धानंतर जखमांनी किंवा विषारी वायूच्या परिणामाने तीन-चार वर्षांनी वारलेल्यांबाबतही असेच झाले. म्हणूनच ज्याचे नाव स्मारकावर नाही असा सैनिक कौटुंबिक दगडावर मात्र सापडतो, आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांसाठी हे दगड फार मोलाचे ठरतात.

दगडावरील शब्दांवरून काय समजते?

बरेच काही समजते, पण शब्द नीट पाहावे लागतात. "लढताना मारला गेला" आणि "जखमांमुळे मरण पावला" यांत फरक आहे, कारण दुसऱ्या प्रकारात मृत्यू बहुधा आघाडीमागच्या उपचारकेंद्रात किंवा रुग्णालयात झालेला असतो, आणि त्यामुळे अशा सैनिकाची ओळख पटलेली कबर असण्याची शक्यता जास्त असते. "बेपत्ता" असे नुसतेच लिहिले असेल, तर घरच्यांनी तो दगड कोरून घेताना मृत्यू मनाने स्वीकारला नव्हता, अशी शक्यता ध्यानात ठेवावी. कबरीचे ठिकाण माहीत झाले असेल, तर पुष्कळ घरांनी ते आवर्जून कोरून घेतले आहे, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुणाला कधी जमलेच तर तिथवर जाता यावे. कुठे पलटणीचे चिन्ह आहे, कुठे आडवी ठेवलेली तलवार, कुठे छायाचित्राची चिनीमातीची चकती.

वयाचा उल्लेख जवळजवळ नेहमी असतो. ज्या मुलाने भरती होताना वय वाढवून सांगितले होते, त्याचे खरे वय अनेकदा फक्त इथेच वाचायला मिळते.

दगडावरील तारीख किंवा हुद्दा अधिकृत नोंदीशी जुळत नाही. कोणती माहिती बरोबर मानावी?

सैन्याची नोंद कागदोपत्री तपासण्यासाठी घ्यावी. दगडावरचा मजकूर मात्र जसा आहे तसाच उतरवावा आणि "चुकीचा" म्हणून बाजूला सारू नये. तफावतीची कारणे बहुधा साधी असतात. बेपत्ता सैनिकाबाबत युद्धखाते काही महिने वाट पाहून मृत्यू गृहीत धरत असे आणि तारीख शेवटच्या ठाऊक लढाईवरून ठरत असे. त्याच्या सोबत्याने घरी पाठवलेल्या पत्रात मात्र दुसरा दिवस असू शकतो. तात्पुरती मिळालेली बढती घरच्यांना ठाऊक असते, पण अंतिम यादीत चढलेली नसते. फ्रेंच, अरबी गावांची नावे पाथरवटाने ऐकली तशी कोरली. पाच-दहा वर्षांनी वडिलांच्या मृत्यूनंतर ओळ कोरून घेतली असेल, तर स्मरणाचाही दोष संभवतो.

नोंद करणाऱ्याने दोन्ही तारखा शेजारी लिहाव्यात आणि कोणती कुठून आली ते स्पष्ट करावे.

फ्रान्सव्यतिरिक्त इतर ठिकाणांची नावेही दिसतात. त्यांचा अर्थ काय?

गॅलिपोली, गाझा, सलोनिका, बगदाद, कूत, अमारा ही नावे खेड्यांतल्या दगडांवर सहज भेटतात. शेवटची तीन ठिकाणे आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात आहेत, आणि मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. ब्रिटिश सेनापती जनरल टाउनसेंड यांची फौज कूत येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. त्या फौजेत डॉर्सेट, नॉरफक, ऑक्सफर्डशायर या परगण्यांच्या पलटणींबरोबर १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणीही होत्या. एकाच वेढ्यात, एकाच उपासमारीत आणि पुढच्या कैदेत हे लोक एकत्र मेले. डॉर्सेटमधल्या एखाद्या खेड्यात "कूतच्या कैदेत मरण पावला" असे वाचताना त्याच्या शेजारी साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा कुणी होता, हे लक्षात घ्यायला हवे.

अमारा येथील युद्धकबरस्थानाची कथा तर कौटुंबिक दगडांचे महत्त्व सर्वांत जास्त पटवून देणारी आहे. तिथे साडेचार हजारांहून अधिक सैनिक पुरलेले आहेत. जमिनीतील क्षारांमुळे दगड झपाट्याने झिजू लागल्याने १९३३ साली सर्व कबरशिला काढून टाकण्यात आल्या आणि त्यांच्याऐवजी नावांची भिंत बांधण्यात आली. त्यामुळे अमाऱ्यात पुरलेल्या सैनिकाला स्वतंत्र असा, त्याच्या एकट्याच्या घरच्यांनी केलेला दगड कुठे असलाच, तर तो हजारो मैल दूर त्याच्या गावच्या चर्चपाशी आहे.

"पूना", "किर्की" किंवा "देवळाली" येथे मृत्यू झाल्याचा उल्लेख दिसला. तो सैनिक कुठे पुरलेला आहे?

भारतात नेमणुकीवर असताना आजाराने वारलेले ब्रिटिश सैनिक इथल्या छावण्यांच्या कबरस्थानांत पुरले गेले. पुढे भारत व पाकिस्तानातील अशा विखुरलेल्या जागांची निगा राखणे शक्य राहिले नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक जणांची नावे पुण्याजवळ खडकी येथील युद्धकबरस्थानातील स्मारकावर घेण्यात आली. आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधल्यास कोणत्या स्मारकावर ते आहे ते कळते. पुण्यात राहणाऱ्या वाचकांनी खडकीला जाऊन त्या नावाचे छायाचित्र काढून ब्रिटनमधील संबंधित गावाच्या इतिहास मंडळाला पाठवले, तर ते त्यांना अतिशय हवेसे वाटेल. समुद्रापलीकडून येऊन पाहणे आजही प्रत्येकाला जमत नाही.

मराठी सैनिकांच्या वाट्याला असे स्मरण आले का?

आले, पण फार वेगळ्या रीतीने, आणि तो वेगळेपणा सांगितलाच पाहिजे. हिंदू सैनिकांचे दहन होत असे, त्यामुळे कबरशिलेचा प्रश्न बहुधा आला नाही. परंतु नाव कोरण्याचा प्रश्न होता, आणि समतेचे तत्त्व तिथे पाळले गेले नाही. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे त्या दगडावर कोरली गेली, तर भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांखेरीज साध्या शिपायांचा उल्लेख पलटण आणि संख्या एवढाच झाला. मराठा पलटणींतील शिपाई त्यांतच आहेत. २०२१ साली आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून या असमानतेबद्दल माफी मागितली.

फ्रान्समधील नव-शापेल येथील १९२७ च्या भारतीय स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक नावे आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्या गावावरील हल्ल्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या जवळपास नामशेष झाल्या होत्या, त्यामुळे पुण्याचे आणि त्या गावाचे नाते जवळचे आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदू व शीख सैनिकांचे दहन पॅचम गावाजवळच्या टेकडीवर झाले. तिथे १९२१ साली स्मारक म्हणून छत्री (घुमटाकार मंडप) उभारली गेली, पण त्या ५३ जणांची नावे दगडावर यायला २०१० साल उजाडावे लागले.

आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक छोटी संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढेच आकडे तिच्यावर इंग्रजीत आहेत. नावे नाहीत. ज्या गावांत अशी पाटी आहे, तिथल्या लोकांनी घरोघरच्या आठवणी, जुनी पदके आणि निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करून ती नावे शोधण्याचे काम अजूनही करण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे, आणि रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. माणगावच्या त्या पुतळ्यामागे आणि इंग्लंडमधल्या एखाद्या आईने कोरून घेतलेल्या ओळीमागे गरज एकच होती.

दगडात बसवलेली गोल पितळी चकती कसली असते?

मृत सैनिकाच्या नातलगांना सरकारने पाठवलेली ती कांस्य स्मृतिचकती आहे. ती सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची असून तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती) व सिंह यांच्या आकृती आणि हुद्द्याशिवाय फक्त सैनिकाचे नाव असते. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या वाटल्या गेल्या. बहुतेकांनी त्या घरात जपल्या, काहींनी कबरशिलेत बसवून घेतल्या. उघड्यावरच्या चकत्या चोरीला जातात, म्हणून त्यांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

लष्करी शिक्षेने गोळ्या घालून मारलेल्या सैनिकांची नावेही असतात का?

क्वचित असतात. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून पहिल्या महायुद्धात ३०६ सैनिकांना मृत्युदंड दिला गेला आणि २००६ साली कायद्याने त्यांना क्षमा देण्यात आली. दरम्यानच्या नव्वद वर्षांत अनेक घरांनी गप्प राहणे पत्करले. फ्रान्समधील बेलुलमाँ येथे एका वडिलांनी मात्र आयोगाच्या दगडावर "पहाटे गोळ्या घालून मारला, सर्वांत आधी भरती झालेल्यांपैकी एक, आपल्या बापाचा लायक मुलगा" अशा आशयाचा मजकूर कोरून घेतला. ज्या काळात या विषयावर कुणी बोलत नव्हते, त्या काळातले हे धैर्य आहे.

अक्षरे पुसट झाली असतील तर दगड स्वच्छ करावा का?

शक्यतो करू नये. तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल, दाबाने मारलेले पाणी यांनी दगडाचा वरचा थरच निघून जातो आणि त्याबरोबर उरलीसुरली अक्षरेही जातात. खडू किंवा पीठ चोळून अक्षरे उठवणेही अपायकारक आहे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडत असताना, किंवा आरशाने उजेड बाजूने पाडून छायाचित्र काढले, तर बहुतेक मजकूर वाचता येतो. संगमरवरात शिसे ठोकून बसवलेली अक्षरे गळाली असतील, तर त्यांच्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे राहिलेली असतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते. झुकलेल्या दगडाला हात लावू नये किंवा टेकू नये. असे दगड कोसळून माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत.

नवीन ओळ कोरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी कुणाची परवानगी लागते?

इंग्लंडमध्ये जमीन चर्चची असली तरी दगड तो उभारणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात ज्याच्या स्मरणार्थ तो आहे त्याच्या वारसांचा मानला जातो. तेव्हा प्रथम वारसांचा शोध घ्यावा लागतो. नंतर पॅरिशच्या (त्या चर्चच्या क्षेत्राच्या) धर्मगुरूंकडे मजकुरासह अर्ज करावा. धर्मप्रांताच्या नियमांत बसणाऱ्या मजकुराला ते स्वतः मान्यता देऊ शकतात, अन्यथा धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याकडून रीतसर आज्ञापत्र मिळवावे लागते. दफनासाठी बंद झालेल्या आवाराची देखभाल पुष्कळदा स्थानिक परिषदेकडे असते, पण नियम चर्चचेच लागू राहतात. स्कॉटलंडमध्ये जुनी चर्चआवारे स्थानिक परिषदांच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तिथे चौकशी परिषदेकडेच करावी.

अलीकडच्या युद्धांतील सैनिकांबाबतही हीच पद्धत आहे का?

नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर मृतदेह मायदेशी आणायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क कुटुंबांना देण्यात आला, आणि त्यानंतरच्या लढायांत मरण पावलेले सैनिक परत आणले गेले. त्यामुळे नव्या दगडाखाली तो सैनिक स्वतः असतो.

आम्हाला एखाद्या गावातील अशा ओळींची नोंद करायची आहे. काय काय टिपावे?

संपूर्ण दगडावरचा मजकूर उतरवावा, फक्त सैनिकाची ओळ नव्हे. कारण वडिलांचे नाव, घराचे किंवा शेताचे नाव आणि इतर भावंडांचे मृत्यू यांवरूनच तो कोणाचा कोण हे ठरते. ओळींची विभागणी, शब्दलेखन आणि विरामचिन्हे मुळाप्रमाणे ठेवावीत. न वाचता आलेल्या जागी अंदाज न करता जागा मोकळी सोडावी. दगडाचा प्रकार, आवारातील स्थान आणि पाहणीची तारीख लिहावी. समोरून एक व मजकुराचे जवळून एक अशी निदान दोन छायाचित्रे घ्यावीत. नंतर आयोगाच्या यादीत नाव शोधून तिथला तपशील वेगळ्या रकान्यात भरावा, आणि त्या यादीत नाव मिळालेच नाही तर ते आयोगाला कळवावे. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना झालेले मृत्यू ते विचारात घेतात, आणि सेवेतून मुक्त झाल्यावर युद्धातील जखमेने किंवा आजाराने वारलेल्यांची नावे, पुरेसा पुरावा मिळाल्यास, आजही नव्याने यादीत घेतली जातात. अशा वेळी मृत्यूच्या दाखल्याबरोबर कौटुंबिक दगडाचे छायाचित्रही पाठवावे.